डॅनी स्पेड जमवायचाय? आधी हातातली प्रत नीट बघा

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय: आजोबांच्या ट्रंकेत एक पातळसं इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हरवर पिस्तूल आणि घाबरलेली बाई, लेखकाचं नाव डॅनी स्पेड, आत कुठेही साल नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की हा डॅनी स्पेड म्हणजे एक ब्रिटिश बाई होती. आता त्यांना ही मालिका जमवायची आहे. सुरुवात कुठून करायची, पैसे किती मोजायचे आणि हातातली प्रत बाइंड करून घ्यावी का, एवढं त्यांना हवंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरत नाही. बाइंडिंगवाल्याकडे जाऊ नका. तो बिचारा त्याच्या पद्धतीने चांगलंच काम करेल. पिना उपटेल, तीन बाजूंनी कटिंग मारेल, पुठ्ठा लावून वर रेक्झिन चढवेल. पुस्तक आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण डॅनी स्पेड म्हणून ते संपलेलं असेल. मी पंचवीस वर्षं ही पुस्तकं जमवतेय, त्यातली अठरा इंग्लंडात राहून. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका प्रतीचा कणा सेलोटेपने ‘दुरुस्त’ केला होता. आज ती टेप तपकिरी होऊन सुटली आहे, डिंकाचा डाग मात्र कव्हरच्या आरपार गेलाय. ती प्रत मी कपाटात समोरच ठेवते, हात शिवशिवायला लागले की दिसावी म्हणून.

आता बाई कोण ते सांगते. डेल अँब्लर. हेही टोपणनावच, खरं नाव बेटी विल्यम्स. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सायन आणि पुढे माइलस्टोन या लंडनच्या दोन छापांखाली, म्हणजे प्रकाशनांच्या नावांखाली, तिच्या गुन्हेकथा आल्या. (सायन म्हणजे आपलं शीव नव्हे. पुण्यातल्या एका दुकानदाराने मला दहा मिनिटं पटवलं होतं की हे पुस्तक मुंबईतच छापलंय.) डॅनी स्पेड हे एकाच वेळी लेखकाचंही नाव आणि नायकाचंही. अमेरिकन खासगी गुप्तहेर स्वतःच स्वतःची कथा ‘मी’ म्हणून सांगतोय, असा बनाव. अमेरिकन लेखक डॅशिल हॅमेटचा गुप्तहेर सॅम स्पेड १९३० साली येऊन गेला होता, तेव्हा आडनाव कुठून उचललं ते सांगायला नको. ही युक्ती तिची एकटीची नाही. त्या काळचा सर्वांत खपाऊ हँक जॅनसनही असाच, लेखक आणि नायक एकच. त्याच्यामागे स्टीफन फ्रान्सिस नावाचा लंडनकर होता. म्हणजे इंग्लंडातल्या भाड्याच्या खोलीत बसून अमेरिकन गुंडांच्या तोंडची भाषा लिहायची आणि गिऱ्हाइकाला वाटू द्यायचं की हा माणूस तिकडून थेट बोलतोय. त्या पुरुषी ‘मी’च्या आत एक बाई बसलेली होती. माझ्यासाठी सगळी गंमत तिथे आहे आणि मी जॅनसन सोडून स्पेडच्या मागे लागले तीही त्यामुळेच.

तिचं नाव लोकांना भेटतं ते पुस्तकांपेक्षा सिनेमामुळे. १९६०चा ‘बीट गर्ल’ हा ब्रिटिश चित्रपट, त्याची पटकथा डेल अँब्लरची. सोहोतले कॉफी बार, स्ट्रिपटीजचे क्लब, बापावर रुसलेली पोरगी. संगीत जॉन बॅरीचं, त्याचा हा पहिलाच चित्रपट. संहिता १९५९मध्ये ‘स्ट्रिपटीज गर्ल’ या नावाने सेन्सॉरकडे गेली तेव्हा वाचणाऱ्याने नाकं मुरडली होती. शेवटी एक्स, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या, प्रमाणपत्रावर तो बाहेर आला. पुस्तकं जमवणाऱ्याने हा सिनेमा एकदा बघावाच. पानावर जो टणटणीत, तुटक संवाद आहे तो तिथे कानाला ऐकू येतो.

पण अशी पुस्तकं निघालीच का, हे कळल्याशिवाय प्रत वाचता येत नाही. ब्रिटनमध्ये १९४०ला कागदाचं रेशनिंग सुरू झालं आणि पुस्तकांसाठी ते १९४९पर्यंत चाललं. कोटा ठरायचा तो युद्धाआधी तुम्ही किती कागद वापरत होतात त्यावरून. म्हणजे जुन्या प्रकाशकांना हिस्सा, नव्याला शून्य. त्याच वेळी डॉलर वाचवायला अमेरिकन मासिकं आणि कथांची आयात बंद. इकडे वाचकाला पीटर चेनी आणि जेम्स हॅडली चेस यांनी, म्हणजे दोन इंग्रजांनीच, अमेरिकन ढंगाच्या मारधाडीची चटक आधीच लावून ठेवलेली. मागणी आहे, माल नाही. मग जो कुणी कुठून तरी कागदाची रिळं मिळवेल तो प्रकाशक. पावसात भूछत्रं उगवावीत तसे हे लोक उगवले, म्हणून त्यांना ‘मशरूम’ प्रकाशक म्हणतात. स्टीव्ह हॉलंड यांनी १९९३ साली ‘द मशरूम जंगल’ हा यांचा इतिहास लिहिला. यादी, टोपणनावं, कोण कुणाचं काय लागतं हे सगळं त्यात आहे. तुमची पहिली खरेदी डॅनी स्पेड नसून हे पुस्तक असावं. ते स्वस्त मिळत नाही, तरीही.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. बाबूराव अर्नाळकरांची झुंजार, काळापहाड कुणी जपून ठेवली होती? वाचायची, शेजाऱ्याला द्यायची, शेवटी रद्दीत. हजारावर पुस्तकं लिहिलेल्या माणसाची धड प्रत शोधताना आज दमछाक होते. खूप छापलं म्हणजे खूप उरलं असं नसतं. उलट जे वाचून फेकायलाच छापलं ते सर्वांत आधी नाहीसं होतं.

ब्रिटिश पुस्तकांच्या बाबतीत एक जादा कारण आहे: ती जाळली गेली. १८५७च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली पोलीस दुकानावर छापा घालत, गठ्ठे उचलत आणि मॅजिस्ट्रेट दुकानदाराला विचारत की हा माल नष्ट का करू नये ते सांगा. दुकानदार तंबाखू, वर्तमानपत्रं विकणारा साधा माणूस. वकील लावण्यापेक्षा त्याला माल गेलेला परवडायचा. लेखकाला किंवा प्रकाशकाला तिथे उभं राहून बोलायचा हक्कच नव्हता, तो १९५९च्या नव्या कायद्याने मिळाला. कसोटी कुठली, तर १८६८च्या हिकलिन खटल्यातली: ज्यांची मनं अशा गोष्टींना बळी पडतील त्यांना हे बिघडवेल का? या कसोटीत काहीही अडकू शकतं. जानेवारी १९५४मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात जॅनसनच्या प्रकाशकाला आणि वितरकाला सहा-सहा महिन्यांची कैद झाली आणि सगळ्या धंद्याचीच पाचावर धारण बसली. १९५४नंतर या प्रकारातलं फारसं काही दिसत नाही ते म्हणून. ही लाट आपल्यापर्यंतही आली होती. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तीही हिकलिनचीच कसोटी लावून. इंग्लंडने ती पाच वर्षांपूर्वी सोडली होती.

आता तुमची प्रत टेबलावर ठेवा. खाली स्वच्छ पांढरा कागद घ्या. पुस्तक उताणं उघडून दाबू नका, समोरच्या बाजूने वाटीएवढं उघडेल तेवढंच. यांची बांधणी अशी असते: पानांचा गठ्ठा घ्यायचा, कण्यापासून अर्धा सेंटिमीटर आत दोन पिना आरपार मारायच्या आणि वरून कव्हर सरसाने चिकटवायचं. पूर्ण उघडलं की कव्हर पिनांपाशी तुटतं. नव्वद अंशांच्या आत राहा.

पहिलं बघा ते किंमत. ‘१/६’ असं छापलेलं असेल, म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग. एका पौंडात अशी तेरा पुस्तकं येत. किंमत ‘२/-’ असेल तर बहुधा प्रत पुढच्या काळातली. छापील किमतीवर चिकटवलेला वेगळ्या चलनाचा कागद असेल तर तो निर्यात झालेला माल. तो कागद काढू नका.

दुसरं शेवटचं पान, अगदी तळाची बारीक ओळ. इंग्लंडात कायद्याने छापणाऱ्याला आपलं नाव-पत्ता पहिल्या किंवा शेवटच्या पानावर द्यावा लागे. प्रकाशक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत असला तरी छापखाना जागच्या जागी असतो, कारण यंत्र डोक्यावर घेऊन पळता येत नाही. दोन वेगवेगळ्या छापांच्या पुस्तकांवर एकच छापखाना दिसला की धागे जुळायला लागतात. मी माझ्या वहीत लेखकापेक्षा छापखान्यानुसार नोंद करते.

तिसरं, मागच्या कव्हरवरची किंवा शेवटच्या पानावरची ‘याच लेखकाची इतर पुस्तकं’ ही यादी. साल नसलेल्या पुस्तकाचं हेच पंचांग. यादीत तेरा नावं असतील तर हे निदान चौदावं. दुसऱ्या प्रतीत सतरा असतील तर ती नंतरची. अशा चार-पाच याद्या समोर मांडल्या की क्रम आपोआप लागतो. पक्कं साल हवं असेल तर ब्रिटिश लायब्ररीची सूची बघा. प्रकाशकाने एक प्रत तिथे द्यायची असा नियम होता आणि ती पोचल्याच्या तारखेचा शिक्का पुस्तकावर बसतो. ज्यांनी प्रत दिलीच नाही त्यांची गोष्ट वेगळी.

चौथं म्हणजे शिक्के. तुम्ही लिहिलंय की पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा अर्धवट गोल शिक्का आहे, ‘गिरगाव’ आणि ‘लायब्ररी’ एवढं वाचता येतं, आणि तो पुसता येईल का. साहेब, पुसू नका! संग्राहकांत दोन पंथ आहेत. एकांना कोरी करकरीत प्रत हवी असते, शिक्का दिसला की किंमत पाडतात. मी दुसऱ्या पंथातली. या पुस्तकांचा पत्रव्यवहार उरला नाही, हिशेबाच्या वह्या उरल्या नाहीत, लेखिकेचं नाव कव्हरवर नाही. उरल्या त्या फक्त प्रती. इंग्लंडात अशा प्रतींवर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांचे शिक्के सापडतात, परत आणून दिल्यास निम्मी किंमत मिळेल असे अदलाबदलीच्या दुकानांचे सापडतात, एकदा तर मला बोटीवरच्या ग्रंथालयाचा सापडला. ती कुठे कुठे वाचली गेली ते त्यावरूनच कळतं. गिरगावातल्या लायब्ररीत डॅनी स्पेड भाड्याने जात होता ही माहिती तुमच्या त्या एका पानाखेरीज कदाचित कुठेच नोंदलेली नसेल. कोरी प्रत त्यापुढे मुकी आहे.

विकत घेण्याबद्दल. दुर्मीळ आणि महाग यांची गल्लत करू नका. हँक जॅनसन डॅनी स्पेडपेक्षा जास्त छापला गेला, तरी महाग विकला जातो, कारण त्याच्या कव्हरांवर रेजिनाल्ड हीड या चित्रकाराची चित्रं आहेत आणि चित्रांचे संग्राहक वेगळेच पैसेवाले असतात. स्पेडला मागणारे कमी, म्हणून दुर्मीळ असूनही तो आवाक्यात राहतो. विक्रेता ‘अतिदुर्मीळ’ लिहितो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘माझ्याकडे याआधी आलं नव्हतं’ एवढाच असतो. माझा स्वतःचा नियम: एका प्रतीला चाळीस पौंडांवर जायचं नाही. दोनदा मोडला, दोन्ही वेळा तेच पुस्तक वर्षाच्या आत निम्म्यात दिसलं.

इंटरनेटवर शोधताना नाव चुकीचं लिहूनही शोधा. डेलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डीनंतर एआयएल आहे, विकणारे एएलई लिहितात. डॅनीचा डॅन करतात, डॅनियल करतात. लेखकाच्या रकान्यात काहीच न लिहिता नुसतं ‘जुनी गुंडकथा, कव्हर बघा’ असं टाकणारेही आहेत, माझ्या सर्वांत स्वस्त प्रती त्यांच्याकडच्याच. आयएसबीएनने शोधायला जाऊ नका, ती पद्धत साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली. लंडनला पेपरबॅक आणि पल्प, म्हणजे असल्याच स्वस्त, पुस्तकांची खास जत्रा भरायची, तिथे मी पहिल्यांदा एका टेबलावर सलग सात स्पेड पाहिले आणि पाय लटपटले होते. वॉटर्लू पुलाखालच्या बाजारात मात्र वर्षानुवर्षं हिंडून एकच मिळाला. भारतातून शोधणार असाल तर मुंबईतले फोर्टचे फूटपाथ आणि पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार. ‘इंग्लिश नॉव्हेल’च्या ढिगात चेसच्या खाली हात घाला. चेस आपल्याकडे एवढा वाचला गेला की ढीग त्याचाच असतो. पुण्यात मला आजवर दोन स्पेड मिळाले, दोन्ही कव्हराविना. घेतले.

फसवणुकीबद्दल एक सांगते. पहिल्या काही वर्षांत एका विक्रेत्याकडून मी ‘अप्रतिम अवस्थेतली’ प्रत घेतली. कव्हर झळझळीत, रंग जसेच्या तसे. घरी आल्यावर काहीतरी खटकत राहिलं. आतली पानं चहासारखी तपकिरी, कडा कुरकुरीत, आणि कव्हर मात्र कालचं वाटावं असं. कण्याच्या आत बघितलं तर पिनांचा गंज पानांवर उतरलेला, कव्हराच्या आतल्या बाजूला त्याचा ठिपकाही नाही. इतकी वर्षं शेजारी राहून डाग पडत नाही असं होत नाही. मूळ कव्हर फाटलेलं होतं, त्याने रंगीत प्रत छापून चिकटवली होती. तेव्हापासून मी किराणा दुकानात नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा पर्समध्ये ठेवते. आजच्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी जी रसायनं घालतात ती त्या प्रकाशात निळी चमकतात. पन्नासच्या सुरुवातीचा तो हलका कागद मंदच राहतो. विक्रेत्यासमोर दिवा काढला की भाव लगेच कमी होतो, हा वरचा फायदा.

जपणुकीत तुमचा खरा शत्रू पावसाळा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल त्याला आतूनच खातं, ते आपण थांबवू शकत नाही, फक्त लांबवू शकतो. पण दमट हवेत पिना गंजतात, गंज कागद खातो आणि पान पिनेभोवती गळून पडतं. प्रत पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पाकिटात ठेवा, मागे आम्लविरहित पुठ्ठा. साडीच्या पिशव्यांसारखं वास मारणारं प्लॅस्टिक नको. भिंतीला टेकलेलं कपाट नको. पाकीट वरून उघडं ठेवा आणि बंद डब्यात सिलिका जेल टाका, जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये परत. डांबरगोळी पुस्तकाला लावू नका. ट्रंकेतून आलेल्या पुस्तकात कसर असतेच असं धरून चाला: प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी पुस्तकावर सुटेल. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा मटाराच्या पिशवीबरोबर डॅनी स्पेड बाहेर निघाला होता.

गंजलेल्या पिना स्वतः काढू नका. नुसत्या तपकिरी झाल्या असतील तर राहू द्या. पापुद्रे सुटत असतील तर कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्या, दोन पिना काढायला त्याला अर्धा तास लागतो.

आणि त्या जांभळ्या शिक्क्याचा एक फोटो काढा, समोरून नाही, बाजूने तिरपा उजेड पाडून. शाई उडाली असली तरी रबराचा दाब कागदावर राहिलेला असतो. गोलाच्या खालच्या अर्ध्यात बहुतेक लायब्ऱ्या पत्ता आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक देत. क्रमांक चार आकडी निघाला तर त्या लायब्ररीत अशी आणखी बरीच होती असं समजा, आणि आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली पुन्हा एकदा हात घालून बघा.